चीफ दार लावून बोलायचे

चीफ केबिनमध्ये गेले आणि त्यांनी आतून दार लावलं, की बाहेरचे कारकून घड्याळाकडं बघायचे. "पाच मिनिटं झाली," एक म्हणायचा. "दहाच्या वर गेलं तर मॅडमचं काही खरं नाही," दुसरा. केबिन माझी होती आणि ती मॅडम म्हणजे मी. चीफ, म्हणजे भानुदास आसाराम मिसाळ, हे माझ्या हाताखालचे महसूल सहायक, साध्या भाषेत कारकून. हाताखालच्या माणसानं दार लावून वरच्या बाईला झाडायचं आणि तिनं मुकाट ऐकून घ्यायचं, असा कारभार दुसऱ्या कुठल्या सरकारी ऑफिसात चालत असेल तर मला ठाऊक नाही. आमच्याकडं तीन वर्षं चालला. त्या तीन वर्षांनी मला माणसात आणलं, हे मी कोणापुढंही सांगायला तयार आहे.

मिसाळ मूळचे राजूरकडचे. अठराव्या वर्षी नौदलात भरती झाले, तोवर त्यांनी मोठं पाणी पाहिलं होतं ते विहिरीतलं. पहिल्यांदा जहाज बंदराबाहेर पडलं आणि गडी जो आडवा झाला तो नऊ दिवस. इकडं आईनं राजूरच्या गणपतीला नवस बोलला, की पोराचं पोट ठिकाणावर येऊ दे, चतुर्थीला पायी येईन. "दहाव्या दिवशी पोट आलं ठिकाणावर," ते सांगायचे. "माय म्हणली गणपतीमुळं, अन् आमच्यावरचा जुना पेटी ऑफिसर म्हणला सुक्या रोटीमुळं. मी दोघांचंही बराबर धरलं. आजबी चतुर्थीला जातो, अन् आजबी भाकर कोरडीच खातो."

तिथून तीस वर्षांत एकेक पायरी चढत ते मास्टर चीफ झाले. हे पद म्हणजे नेमकं काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, खलाशांमधला सगळ्यात मोठा, अन् अधिकाऱ्यांमधला कोणीच न्हाई." आणि वर, "तीनशे पोरांचं दुखणंखुपणं कप्तानाच्या कानावर घालायचं, अन् कप्तानाचा हुकूम पोरांच्या गळी उतरवायचा. मधी आपलं डोकं गरम होऊ द्यायचं न्हाई. बस, इतकीच नोकरी."

एवढा माणूस पन्नाशीला माजी सैनिकांच्या जागेवरून आमच्याकडं कारकून म्हणून आला, पंचवीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत टेबल टाकून बसला. घरी आराम का नाही केला, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "घरी बसलो तर बायको काम सांगंल. अन् तिथं माझा हुद्दा लई खालचा आहे."

मी जुन्या जालन्याची. वडील बँकेत, आई शाळेत, आणि घरातली सगळी माझ्या तोंडाला घाबरून. परीक्षा पास झाले, सव्विसाव्या वर्षी नायब तहसीलदार म्हणून जिल्ह्यातल्याच एका तालुक्याला हजर झाले. पहिल्या दिवशी ऑफिसात शिरले तर कोणी मान वर केली नाही. एक जण मोबाईल बघत होता, एक जण दुसऱ्याला लग्नाची पत्रिका दाखवत होता. फक्त कोपऱ्यातला एक पांढऱ्या शर्टातला माणूस खुर्ची मागं सारून ताठ उभा राहिला. "गुड मॉर्निंग, मॅडम." आवाज असा, की मोबाईलवाला दचकून उठला, त्याच्यामागं पत्रिकावाला, आणि मग सगळी खोली. मला वाटलं, हा म्हातारा माझी थट्टा करतोय.

रोज हेच. आठवड्यानं मी त्यांना आत बोलावलं. म्हटलं, "काका, तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे. तुम्ही उठलात की मलाच कसंतरी होतं. उठत जाऊ नका."

त्यांनी मागं वळून दार लावलं. ते पहिलं दार.

"मॅडम, दोन गोष्टी. मी तुमच्यासाठी न्हाई उठत, ह्या खुर्चीसाठी उठतो. तुम्ही बसलेल्या आहात तवर उठणार. दुसरी गोष्ट, मला काका म्हणू नका."

"का? राग आला?"

"राग कशाचा? पण काका झालो, की पुतणीचं वाईट वाटंल म्हणून मी गप बसंन. अन् तुम्ही काकाचं मन राखाल. मंग तुम्हाला खरं कोण सांगंल? मिसाळ म्हणा, न्हाईतर चीफ म्हणा."

आमच्या भागात रिक्षावाल्यापासून कलेक्टरच्या शिपायापर्यंत सगळे मामा नाहीतर काका. नातं लावल्याशिवाय आम्हाला पत्ता विचारता येत नाही. आणि हा माणूस नातं परत करून राह्यला होता. मला तेव्हा तो तुसडाच वाटला. पण मी चीफ म्हणायला लागले, आणि बघता बघता सगळं ऑफिसच म्हणायला लागलं.

त्यांच्या तऱ्हा एकेक. शर्टाला इस्त्री स्वतःच्या हातानं. जेवायच्या सुट्टीत डबा उघडायचे तो सगळ्यात शेवटी, शिपायाचं जेवण झालं का हे बघून. "होऊन जाईल" हे शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "होऊन कसं जाईल? कोण करणार, कधी करणार, हे सांगा. आपोआप फक्त गंज चढतो." आणि ते कधीही, कितीही घाई असली, तरी पळायचे नाहीत. एकदा रेकॉर्ड रूममध्ये वायर जळून धूर निघाला. आम्ही सगळे आरडाओरडा करत पळालो. चीफ चालत गेले, मेन स्विच पाडला, वाळूची बादली उचलली आणि चालतच आत शिरले. नंतर म्हणाले, "मास्टर चीफ पळताना दिसला की जहाज घाबरतं. आग नंतर लागते, आधी माणसं जळतात."

माझ्या नावानं परस्पर हुकूम सोडायची त्यांची सवय तर कहरच होती. एका सोमवारी ऑफिसात आले तर व्हरांड्यात बाकडी मांडलेली, पाण्याचा माठ भरलेला, आणि दाखल्यांसाठी आलेल्या लांबच्या गावच्या बाया रांगेत सगळ्यात पुढं. एका बाईनं माझा हातच धरला. "माय, देव तुझं भलं करो. आज दोनची एसटी सापडंल मला."

मी चीफना विचारलं, "हे कोणी सांगितलं?"

"तुम्हीच, मॅडम."

"मी? कधी?"

"शुक्रवारी खिडकीतून बघून म्हणल्या न्हाई का, बाया उन्हात उभ्या राहतात, बरं न्हाई वाटत?"

"अहो, ते मी आपलं सहज म्हटलं!"

"अधिकारी सहज न्हाई म्हणत, मॅडम. अधिकाऱ्याला बरं न्हाई वाटलं, की चीफनं त्याचा हुकूम करायचा. आता रोज असंच चालंल, असंही तुम्हीच सांगितलंय."

मी हसले, पण आतून लाजले. नुसतं वाईट वाटून घेणं आणि काही करणं, यांच्यामध्ये हा माणूस उभा होता, आणि मधलं सगळं काम करून वर श्रेय माझ्या पदरात टाकत होता. व्हरांड्यातल्या बायांना अजून वाटतं, ती बाकडी मी टाकली.

आता माझ्या तोंडाबद्दल. एकदा एका तलाठ्याची फाईल चुकली आणि मी त्याला भर व्हरांड्यात, पंचवीस-तीस लोकांसमोर, नको नको ते बोलले. तो बिचारा मान खाली घालून निघून गेला. मी केबिनमध्ये येऊन पाण्याचा ग्लास उचलला तोच चीफ आत आले, दार लावलं, हात मागं बांधून उभे राहिले.

"परवानगी असंल तर बोलू?"

"बोला."

"फाईल चुकली, बराबर. झाडलं, तेबी बराबर. पण चारचौघांत झाडलं. त्याच्या गावचे लोक होते बाहेर. उद्यापासून त्या गावात त्याचं कोण ऐकंल? अन् तुमचं काम तर त्याच्याच हातून व्हायचंय."

"मग काय, मी माफी मागू त्याची?"

"माफी बिलकुल न्हाई. पण जे काढून घेतलं ते जिथं घेतलं तिथंच परत द्यावं लागतं. उद्या त्याच व्हरांड्यात, तेवढ्याच लोकांसमोर, त्याला एखादं मोठं काम सांगा. विश्वासाचं."

दुसऱ्या दिवशी मी तसं केलं. तो तलाठी पुढं माझ्यासाठी रात्रीचा दिवस करायला तयार असायचा, आणि मला हे सुचलंच कसं म्हणून ऑफिसात माझं कौतुक झालं. चीफनी त्याबद्दल पुन्हा एक अक्षर काढलं नाही.

आणि मग ते भाद्रपदातले पित्राचे दिवस. आठवडाभर पाऊस धरलेला होता, वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं, आणि वडीगोद्रीवरून खाली नदीकडं गेलं की एक वस्ती लागते, ती सकाळी रिकामी करायचं काम माझ्याकडं आलं. वस्तीचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना आवडणार नाही. मी, तोच तलाठी, ग्रामसेवक, ड्रायव्हर आणि चीफ. यादीवर माणसं एकशे शहाऐंशी.

मी हात जोडून सांगत होते आणि लोक मला समजावत होते. "मॅडम, गोदामाय मारुतीच्या पायरीच्या वर कधी आलीच न्हाई. तुम्ही चहा घ्या." एक तास असाच गेला. मी रडकुंडीला आले. चीफ माझ्याजवळ आले, काही तरी विचारल्यासारखी मान हलवली आणि वळून मोठ्यानं म्हणाले, "मॅडमचा हुकूम झाला. माणसांचं मंग बघू. जनावरं आधी सोडा, शाळेच्या टेकाडावर न्या." मी काहीच बोलले नव्हते. जनावरं न्यायला कोणाची हरकत नव्हती. म्हशी निघाल्या, म्हशींमागं बाप्ये निघाले, बाप्यांमागं भाकरीची टोपली घेऊन बाया, आणि बायांमागं पोरंसोरं. दुपारी तीनपर्यंत दोन ट्रॅक्टरच्या फेऱ्यांनी वस्ती मोकळी झाली. चारला मारुतीची पायरी दिसेनाशी झाली.

शाळेच्या दारात तलाठ्यानं आत जाणारं एकेक माणूस मोजलं. एकशे शहाऐंशी. बरोबर. मी अभिमानानं फुगून तहसीलदार साहेबांना फोन लावला. "सर, एकशे शहाऐंशी. सगळे बाहेर." साहेबांनी शाबासकी दिली, वर कळवलं, आणि आमच्यासाठी आलेली मोटारची बोट खालच्या गावाला पाठवून दिली. मी खिचडीची प्लेट हातात घेतली.

"मॅडम, नावं घेऊ या," चीफ म्हणाले.

तलाठी म्हणाला, "चीफ, मोजलं की. आकडा भरला."

"आकडा भरला. माणसं भरली का?"

मी दमले होते, भिजले होते. म्हटलं, "घ्या बाबा, काय घ्यायची ती नावं घ्या." खरं सांगते, मला तेव्हा त्यांची चीड आली होती.

चीफ बाकावर उभे राहून यादी वाचायला लागले. नाव घ्यायचं, "हाव" ऐकायचं, तोंड बघायचं, खूण करायची. शंभराच्या पुढं कुठंतरी ते थांबले. "गयाबाई किसन." कोणी बोललं नाही. "गयाबाई!" "असंल की हितंच," कोणी म्हणालं. "कानानं कमी आहे तिला." सगळी शाळा शोधली, यादीतली उरलेली नावंही घेतली. गयाबाई नव्हती.

मग आकडा भरला कसा? भिंतीला टेकून, कपाळाला गंध लावलेला एक गृहस्थ निवांत खिचडी खात होता. त्याचं नाव कुठंच आलं नव्हतं. "तुम्ही कोण?" तर म्हणतो, "मी परतूरचा. सासऱ्याच्या पित्राला जेवायला आल्तो, पाण्यात अडकलो." पित्राचा पाहुणा गावात मोजला गेला होता, आणि गावची बाई पाण्यात राहिली होती.

तेवढ्यात शाळेच्या गच्चीवरून पोरं ओरडली. लांब, नदीच्या अंगाला, कडब्याची एक गंजी अर्धी पाण्यात होती, आणि तिच्यावर काहीतरी लुगड्याचं हलत होतं. मध्ये पाण्याचा लोंढा. मोटारच्या बोटीशिवाय तिथं जाणं शक्य नव्हतं, आणि बोट माझ्याच शब्दावर निघून गेली होती.

मी चीफना जीपमध्ये बोलावलं. या वेळी दार मी लावलं.

"चीफ, तुम्ही फोन करा ना साहेबांना. सांगा, पाणी वाढतंय, बोट असू द्या जवळ. काहीही सांगा." वर कलेक्टरपर्यंत रिपोर्ट गेलेला. नोकरी पक्की व्हायला लागणारी माझी दोन वर्षं अजून पुरी व्हायची होती.

चीफ माझ्याकडं बघत राहिले. रागावले नव्हते. फार मायेनं बघत होते.

"मॅडम, पाणी वाढतंय म्हणलं, तर ते म्हणतील, माणसं बाहेर आहेत ना, मंग अर्ध्या तासानं पाठवतो. गयाबाईकडं अर्धा तास न्हाई. तिथं बाई आहे, हेच सांगावं लागंल."

"मग तेच सांगा तुम्ही."

"हुकूम मी तुमच्या नावानं देतो, रोज देतो. पण चूक मला तुमच्या नावानं कबूल करता येत न्हाई. ती ज्याची त्यालाच करावी लागते." मग अगदी हळू म्हणाले, "जल्दी करा. एकदाच कडू लागते जिभेला."

मी फोन लावला. "सर, माझा रिपोर्ट चुकला. एक बाई पाण्यात आहे. बोट परत पाठवा." तिकडून काय काय ऐकलं ते इथं लिहीत नाही. कारणे दाखवा नोटीस पुढं आली, तिला मी चार ओळींत उत्तर दिलं, निभावलं. पण त्या फोनवर मी खोटं बोलले असते तर आज या खुर्चीवर बसायची माझी लायकी नसती. आजही एखादा अहवाल सहीला आला की मी आकडा बघते आणि म्हणते, नावं आणा.

बोट परत फिरायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात चीफनी ग्रामसेवकाला गच्चीवर उभं केलं. "गंजीकडं हात लांब करून उभं राहायचं. काहीही झालं तरी हात खाली न्हाई, नजर दुसरीकडं न्हाई. पाण्यात उतरलं की आम्हाला दिशा कळत न्हाई. समुद्रात माणूस पडला की एक जण फक्त हेच काम करतो." तो ग्रामसेवक हात लांब करून उभा राहिला. चीफ चालत बोटीपर्यंत गेले आणि चढले. लोंढ्यात बोट दोनदा फिरली, दोनदा त्यांनी मागं वळून त्या हाताकडं पाहिलं, आणि पुन्हा बोटीचं तोंड गंजीकडं धरलं. मी काठावर उभी राहून जेवढे देव आठवले तेवढ्यांना हाका मारल्या.

उजेड असतानाच ते परत आले. गयाबाई शेळी छातीशी धरून बसलेली. उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, "माझी दुसरी शेळी आली का इकडं?" शाळा हसली आणि रडली. मी तर दोन्ही.

लोकांना वाटलं, झालं आता. पण चीफ तसेच ओल्या अंगानं बाकावर चढले. "पुन्हा एकदा. पहिल्यापासून." या वेळी कोणी कुरकुरलं नाही. एकशे शहाऐंशी नावं, एकशे शहाऐंशी वर झालेले हात, एकशे शहाऐंशी "हाव". मग त्यांनी परतूरच्या जावयाचं नाव विचारून खाली लिहिलं, ते घेतलं. तलाठ्याचं घेतलं, ग्रामसेवकाचं, ड्रायव्हरचं, बोटीवरच्या दोघांचं. मग माझं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मी "हजर" म्हटलं. त्यांनी यादी माझ्या हातात दिली. "बराबर आहे, मॅडम. सगळे आहेत."

गयाबाई घोंगडी पांघरून पुढ्यातच बसली होती. तिला ऐकू येत नव्हतं, पण नाव घेतलं की कोण हात वर करतंय, हे ती पहिल्यापासून निरखून राह्यली होती. चीफकडं बोट करून तिनं मला विचारलं, "अन् ह्या बाबाचं? ह्यानं तर हातच वर केला न्हाई."

मी यादी उलटी-सुलटी बघितली. नव्हतं. तीस वर्षं हा माणूस जहाजावर पोरांची नावं घेत आला होता, आणि जो नावं घेतो त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. लोंढ्यातून तो परत आला नसता, तर आमचा आकडा तरीही बरोबर भरला असता.

मी ड्रायव्हरचा पेन घेतला, शेवटच्या ओळीखाली लिहिलं, बाकावर चढले आणि जेवढा आवाज शिल्लक होता तेवढ्यानं वाचलं.

"भानुदास आसाराम मिसाळ."

चीफ खिचडीच्या पातेल्याकडं निघाले होते, सगळ्यांना पुरतंय का बघायला. ते जागीच थांबले. वळले. ओल्या पँटीतून पाणी गळत होतं. टाचा जुळवल्या, छाती काढली, हनुवटी वर केली.

"हजर, मॅडम."

आवाज निम्म्यातच फुटला. मी त्यांच्या नावापुढं खूण केली, आणि मग यादीवर सही केली.